पल्लवीचा उजवा डोळा

मुक्ता आणि निशांत,

तुम्ही दोघं मराठी अडखळत वाचता, हे मला माहीत आहे. निशांत, तू मोठ्याने वाच आणि मुक्ताला ऐकू दे, म्हणजे दोघांचंही होईल. मला हे इंग्रजीतही लिहिता आलं असतं. दवाखान्यात सगळे केसपेपर मी इंग्रजीतच लिहिले. पण ज्या माणसांबद्दल सांगायचं आहे ती इंग्रजी बोलत नव्हती. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ती मला परकी वाटायला लागतात.

आता का लिहायला बसले, तेही सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मुक्ता म्हणाली, "आजी, मी लेझर करून चष्मा काढतेय. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. तू हेच काम करायचीस ना? मग काय काय होतं ते सांग." मागून निशांत म्हणाला, तिचं नीट झालं की तोही करणार. मी म्हटलं, लिहून पाठवते. इकडे एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षांपासून नोकरीच्या आठवणी मागत होत्या. त्यांनाही हाच लेख देणार आहे. पण अंक निघेपर्यंत मुक्ताची तारीख होऊन जाईल, म्हणून ही प्रत आधी तुम्हाला.

कारंज्याच्या एका खासगी नेत्र दवाखान्यात मी डोळे तपासायची. पदाचं नाव ऑप्टोमेट्रिस्ट. लोक 'नंबरवाल्या मॅडम' म्हणत. लेझरचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, ते अमरावतीच्या एका मोठ्या रुग्णालयात होतं. आमचे डॉक्टर तिथे जाऊन शस्त्रक्रिया करत. पेशंटला आधी तपासणं, त्याला सगळं समजावणं, गाडीत त्याच्यासोबत अमरावतीला जाणं आणि नंतर महिनोन् महिने त्याचा डोळा पाहत राहणं, हे माझं काम. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हेच जास्त होतं.

मला क्रमाने सांगायची सवय आहे. आधी काम सांगते, मग माणसं.

डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक चकती असते. तिला कॉर्निया म्हणतात. दूरचं दिसत नसलं, तर लेझर त्या चकतीचा मधला भाग अगदी थोडा घासून सपाट करतं, मग प्रकाश बरोबर जागी पडतो. म्हणजे लेझर डोळ्यात काही घालत नाही, उलट थोडं काढून घेतं. आणि काढलेलं परत लावता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न असतो, काढण्याइतकं तिथे आहे का. चकती जाड हवी, आकाराने नीट हवी, आणि चष्म्याचा नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. मुक्ता, तू कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेस. मोजमापाच्या आधी त्या काही दिवस बंद ठेवायला सांगतील. मनापासून बंद ठेव. लेन्सने चकतीचा आकार दबतो आणि यंत्राला खोटा डोळा दिसतो.

किन्हीराजाचा सिद्धार्थ नावाचा मुलगा होता. वडील मजुरी करत, घरात हा पहिला पदवीधर. रोज पहाटे रस्त्यावर धावायचा. ज्या भरतीसाठी धावायचा तिथे चष्मा चालत नव्हता. त्याचा कॉर्निया पातळ निघाला, आणि मधोमध थोडा टोकदार. अशा डोळ्यावर लेझर चालवलं तर तो पुढे फुगत जातो. डॉक्टरांनी नाही म्हटलं. ते त्याला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

तो म्हणाला, "मॅडम, थोडंसंच करा. पूर्ण नाही तं अर्धं."

"अर्धं नसतं रे ह्याच्यात."

"मंग मी धावून कायले राह्यलो?"

त्याने चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि उठून गेला. आज तो शेलूबाजारला एका दुकानात हिशेब पाहतो. डोळे जसे होते तसेच आहेत, चष्म्याने नीट दिसतं. आमच्या कामात ह्याला यश म्हणतात. त्याला तसं वाटत नसणार.

उलट पन्नाशीतले एक भाऊसाहेब यायचे. त्यांना पेपर वाचायचा चष्मा काढून हवा होता. मी म्हटलं, तो चष्मा वयाचा आहे, चाळिशीनंतर सगळ्यांना लागतो, लेझर केलेल्यांनाही लागतो. ते म्हणाले, "म्हंजे वयावर काही लेझर नाही निघालं अजून?" मी नाही म्हटलं. "मंग काहाचं विज्ञान," म्हणून निघून गेले. दर वर्षी यायचे, दर वर्षी तेच विचारायचे. मुक्ता, चाळिशीत तुझ्या हातात वाचायचा चष्मा आला तर फसवलं म्हणू नकोस.

आता प्रत्यक्ष काय होतं. तू जागी असशील. डोळा बधिर करायला थेंब घालतात, सुई नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक चिमटा लावतात. मग डोळ्यावर एक कडी दाबतात आणि काही क्षण सगळं काळं होतं. लोक तिथेच घाबरतात. घाबरू नकोस, ते ठरलेलंच असतं. मग कॉर्नियाचा वरचा एक पातळ पापुद्रा कापून पुस्तकाचं पान उलटावं तसा बाजूला करतात. खालच्या भागावर लेझर टकटक करतं. केस जळाल्यासारखा वास येतो. पापुद्रा परत जागेवर ठेवतात, आणि झालं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कांदा चिरल्यासारखी आग होते, पाणी येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ दिसतं. ती सकाळ मी खूप जणांसोबत पाहिली आहे. मोठी माणसं रडतात. नंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं राहतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगायची. त्या पापुद्र्याला टाका घातलेला नसतो. तो आपला आपण चिकटतो, आणि घट्ट बसायला वेळ घेतो. तेवढे दिवस डोळा चोळायचा नाही, पाण्याचा हबका मारायचा नाही, काजळ नाही, रंग नाही. आणि डोळ्याला कोणालाही हात लावू द्यायचा नाही.

पल्लवीलाही मी हे दोनदा सांगितलं होतं.

पल्लवी धनजची. घरची शेती, वडील वसंतराव, सरळ माणूस. मुलीला लहानपणापासून जाड चष्मा. बी.ए. झाली आणि मानोऱ्याकडचं स्थळ आलं. मुलाचं नाव नितीन, गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. पाहायला येणार त्या दिवशी पल्लवीच्या काकूने तिच्या नाकावरचा चष्मा काढून कपाटात ठेवून दिला. चहाचा ट्रे घेऊन ती आली, पण समोर कोण बसलंय ते तिला दिसत नव्हतं.

हे तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. "मले नवरा दिसलाच नाही मॅडम. पांढरा शर्ट दिसला फक्त."

"मग हो कसं म्हटलंस?"

"आवाज चांगला होता."

लग्नाची तारीख वैशाखातली ठरली आणि फाल्गुनात वसंतराव तिला घेऊन आमच्याकडे आले. सासरी जाण्याआधी चष्मा गेला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मुलाकडच्यांना सांगितलंय का. ते म्हणाले, "चष्मा गेल्यावर सांगाले उरते काय?" तिचा डोळा ह्या शस्त्रक्रियेसाठी उत्तम होता, जाड कॉर्निया, स्थिर नंबर. लग्नाला दोन महिने अवकाश होता. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला तक्त्यासमोर बसवलं आणि ती खालची शेवटची ओळ न अडखळता वाचून गेली. मग खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघून म्हणाली, "लिंबाले इतकी पानं असतात?"

त्यानंतर आठवडाही झाला नव्हता आणि वसंतरावांचा फोन आला. नितीनचे आजोबा अत्यवस्थ होते. आपल्या डोळ्यांदेखत नातवाचं लग्न व्हावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. मुलाकडच्यांनी तारीख अलीकडे ओढली. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

मी म्हटलं, "वसंतराव, चेहऱ्याला हळद लावू द्यायची नाही. डोक्यावरून पाणी नाही. काजळ नाही."

"हळद नाही म्हणलं तं कारण पुसतीन ना मॅडम."

"मग कारण सांगा."

मी फोन डॉक्टरांकडे दिला. त्यांनीही तेच सांगितलं, जरा कडक आवाजात. पलीकडून वसंतरावांचा आवाज मला ऐकू येत होता. "आता कसं सांगू साहेब? लपवलं म्हणतीन. दारातून परत जातीन. मंग ह्या पोरीले कोण करते?"

डॉक्टर म्हणाले, "लग्न परत ठरवता येतं हो. डोळा नाही येत."

"पाह्यतो साहेब," वसंतराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

हळदीच्या दिवशी काय झालं ते मला पल्लवीच्या आईने सांगितलं. तुम्ही दोघांनी इकडची हळद पाहिलेली नाही. आधी नवऱ्या मुलाला हळद लावतात. त्याच्या अंगाला लागून उरलेली उष्टी हळद त्याच्याकडच्या बायका नवरीकडे घेऊन येतात आणि आपल्या हाताने तिला लावतात. म्हणजे नवरीच्या आईचा तिथे हात चालत नाही, पाहुण्यांचाच मान असतो. नितीनची आत्या पुढे झाली. हसरी, मोठ्या आवाजाची बाई, भाच्यावर जीव. दोन्ही तळव्यांवर हळद घेतलेली.

पल्लवीची आई म्हणाली, "हातापायाले लावा बाई. चेहऱ्याले नको, तिले पुरळ येते."

आत्या म्हणाली, "हळदीनं पुरळ येते का जाते? काही तरीच सांगता इहीणबाई." बायका हसल्या. आत्याने दोन्ही तळवे पल्लवीच्या कपाळावर ठेवले आणि दाबून खाली हनुवटीपर्यंत आणले. मग पुन्हा एकदा. मायेने लावतात तशी.

मी नंतर पल्लवीला विचारलं, बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तोंड उघडलं होतं मॅडम. समोर बाबा उभे होते. त्यायनं मान खाली घातली, मंग मी डोळे मिटले."

उजव्या डोळ्यात काहीतरी सरकल्यासारखं तिला तेव्हाच कळलं होतं. मग हळद उतरवायचं गरम पाणी, मग दुसऱ्या दिवशी लग्नाचा धूर, गर्दी, जागरण. डोळा लाल झाला, सारखा गळायला लागला. आणि इथेच तिचं नशीब पूर्ण फिरलं, कारण लाल डोळ्यांची नवरी कोणाला वेगळी वाटत नाही. पाठवणीत सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. सासरी नणंद म्हणाली, "बस झालं वहिनी, धनज काही विलायतेत नाही." सासूने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, आमीही अशाच रडलो होतो. तीन दिवस त्या घरातल्या चांगल्या माणसांनी तिचा डोळा पाहिला आणि तिला माहेर आठवतंय म्हणून सांभाळून घेतलं. ती न्हाणीघरात जाऊन आमच्या दवाखान्याचे थेंब डोळ्यात घालायची आणि बाटली साडीत गुंडाळून ठेवायची.

चौथ्या दिवशी सकाळी तिने नितीनसमोर चहा ओतला, तो कपाबाहेर बशीत पडला. त्याने विचारलं, काय होतंय. मग ती बोलली. तो उठला, मोटरसायकल काढली आणि तिला सरळ कारंज्याला घेऊन आला.

मी तिला यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकव म्हटलं, समोर बघ म्हटलं. उजव्या डोळ्याचा पापुद्रा एका कडेने दुमडून गोळा झाला होता, पोळीची कड उलटते तसा. त्याखाली पिवळे कण अडकले होते आणि त्यांच्याभोवती पांढरा ठिपका धरला होता. जंतू शिरले होते. मी यंत्रावरून मान वर काढली नाही, कारण माझा चेहरा तिने पाहू नये असं मला वाटलं.

नितीन मागे उभा होता. तो माझ्याशी बोलत होता, पण ऐकवत होता तिला. "मॅडम, हिनं मले रस्त्यात सांगतलं सगळं. मले आधी सांगतलं असतं तं आत्याचा हात मी धरला असता. भर मांडवात धरला असता."

पल्लवी हनुवटी टेकवलेलीच म्हणाली, "चष्मा हाय म्हणून सांगतलं असतं तं तुमी केली असती का मले?"

"चष्म्याचं माहीत होतं मले. पाहाले आलो तवा नाकावर दोन डाग होते तुह्या. लहानपणापासून चष्मा लावणाऱ्याले असतात तसे. माह्या भावाले हायेत."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू लपवून राह्यली होती. तुले वाईट वाटलं असतं म्हणून नाही बोललो."

मी उठून डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर त्याच दिवशी तिला अमरावतीला घेऊन गेले, मी सोबत होते. पापुद्रा पुन्हा उचलला, खालचा भाग धुतला, साफ करून परत बसवला. तासातासाला औषधाचे थेंब, पुढचे कित्येक आठवडे. जंतू गेले. पण जाताना मधोमध पांढरा डाग ठेवून गेले, अगदी नजरेच्या वाटेवर. दर खेपेला मी तिला तक्त्यासमोर बसवायची आणि उजव्या डोळ्याने वाच म्हणायची. आधी ती सगळ्यात वरचं मोठं अक्षर ओळखायची. मग तेही गेलं. मग मी तिच्यासमोर बोटं धरून किती ते विचारायला लागले. एका खेपेला तिला बोटंही सांगता आली नाहीत, फक्त हात हलतोय एवढं कळलं. मी केसपेपरवर तसं लिहिलं. तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिने ते वाचलं.

नितीनचे आजोबा लग्नानंतर पंधरवड्यात गेले. लग्न त्यांनी पाहिलं होतं.

एका खेपेला पल्लवीसोबत पहिल्यांदाच आत्या आली. बाकावर तिच्या शेजारी बसली, मोठा आवाज कुठल्या कुठे गेलेला. मला म्हणाली, "मले कोणी सांगतलं नाही बाई. मी तं मायेनं लावली." मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. ती म्हणाली, "मंग कोणाची हाय?" आणि खरंच विचारत होती, टोमणा नव्हता. पल्लवीने तिच्या मांडीवर हात ठेवला. वसंतराव मात्र पुन्हा दवाखान्यात आले नाहीत. तिला दाखवायला नेहमी नितीन किंवा आत्याच यायची.

मुक्ता, तू घाबरावीस म्हणून मी हे लिहिलं नाही. माझ्यासमोरून गेलेल्या बहुतेकांचं चांगलं झालं आणि तुझंही होईल. तिथल्या डॉक्टरांना विचार, कॉर्निया किती जाड आहे, काढल्यावर किती उरेल. डोळे आधीच कोरडे आहेत का, ते पाहायला सांग. पापुद्रा न कापता वरून करण्याचा एक प्रकार आहे. त्यात दुखतं जास्त, बरं व्हायला वेळ जास्त लागतो, पण सरकायला काही नसतं. तुला कोणता योग्य आहे आणि का, ते विचार. त्यांनी उत्तर द्यायला कंटाळा केला तर दुसरीकडे जा. आणि ते नाही म्हणाले तर त्यांचं ऐक.

कॉल संपताना तू म्हणालीस, "आईला आत्ताच सांगू नकोस हं, ती उगाच टेन्शन घेते." तेव्हा मी हसले आणि बरं म्हणाले. मुक्ता, ते मी परत घेते. आईला सांग. तुझ्या घरात राहणाऱ्या त्या दोन मैत्रिणींना सांग. जी जी माणसं प्रेमाने तुझ्या चेहऱ्याजवळ येतात त्या सगळ्यांना सांग, लाज न वाटू देता. मी तुझ्या आईला सांगणार नाही, ते तूच करायचं आहेस. पण शुक्रवारी मी तिला फोन करणार आहे, आणि तिने तुझ्या डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही तर मला कळेल.

पल्लवीला आता एक मुलगी आहे. उजव्या डोळ्याचा कॉर्निया बदलता येईल, दान आलेला मिळाला तर, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मुलगी जरा मोठी होऊ द्या, म्हणते. कारंज्याला आली की माझ्या घरी येते, चहा घेते. उजव्या बाजूला पायरी असली की भिंतीला हात लावून उतरते. नितीनच्या दुकानात गल्ल्यावर तीच बसते, आणि औषधाच्या डब्यांवरचा बारीक मजकूर गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. डावा डोळा चांगला आहे. गेल्या महिन्यात मी घरीच तपासला, जुना तक्ता भिंतीला लावून. शेवटची ओळ तिने चष्म्याशिवाय वाचली.